ऐकण्याचे शिक्षण : मनोगतिक समुपदेशकाच्या घडणीचा इतिहास आणि समुद्रपूरची बोली

१. प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हा तालुका मुख्यतः कापूस, सोयाबीन व तूर या पिकांवर जगणारा आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न तीव्र झाल्यावर केंद्र शासनाने २००६ साली सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहांत वर्धा होता. पुढे २०१५ साली राज्याच्या आरोग्य विभागाने चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. त्यातही वर्ध्याचा समावेश झाला. कर्ज, नापिकी व आजारपण यांवर आर्थिक उपाय योजले तरी मनाचे दुःख उरतेच, आणि ते ऐकून घेणारा कोणीतरी प्रशिक्षित मनुष्य असावयास हवा, हे तत्त्व या योजनेने मान्य केले. ‘समुपदेशक’ हा शब्द अशा रीतीने खेड्यापर्यंत पोहोचला.

परंतु हा ऐकणारा मनुष्य ऐकावयास शिकतो कोठे, किती काळ, आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समुपदेशनाच्या अनेक पद्धतींपैकी जिचा उगम फ्रॉइडच्या मनोविश्लेषणात आहे त्या मनोगतिक पद्धतीच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो. या पद्धतीत औषध नाही, उपकरण नाही. रुग्णाचे बोलणे हेच एकमेव द्रव्य आणि ऐकणाऱ्याचे मन हेच एकमेव साधन. अशा विद्येच्या शिक्षणाचा इतिहास हा अपरिहार्यपणे भाषेचाही इतिहास असतो. तो तपासला असता असे दिसते की, ही विद्या व्हिएन्ना, बर्लिन व कलकत्ता येथे तेथील लोकभाषेत रुजली. महाराष्ट्रात ती आली, परंतु मराठीत आली नाही. या घटनेचे परिणाम समुद्रपूरसारख्या ठिकाणी आज कोणत्या स्वरूपात जाणवण्याजोगे आहेत, ते पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश होय.

२. संज्ञांचा विचार

प्रथम ‘समुपदेशन’ हीच संज्ञा घ्यावी. सम् आणि उप हे उपसर्ग व दिश् म्हणजे दाखविणे हा धातू यांपासून ती सिद्ध झाली आहे. ‘उपदेश’ हा तिचा गाभा मराठीत फार जुना आहे. गुरूने शिष्यास मंत्र द्यावा तो उपदेश, वडीलधाऱ्याने धाकट्यास चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात तोही उपदेश. दोन्ही ठिकाणी बोलणारा वरचा आणि ऐकणारा खालचा असतो. मनोगतिक परंपरेत मात्र हे नाते नेमके उलटे होते. तेथे दुःखी मनुष्य बोलतो आणि शिकलेला मनुष्य ऐकतो. सल्ला देण्याचा मोह आवरणे हा या शिक्षणाचा पहिला धडा समजला जातो. म्हणजे मराठीत जो समुपदेशक होतो त्याला आपल्या पदनामानेच दिलेले आश्वासन आवरावयास शिकावे लागते. ‘सांगा, काय करू?’ असे विचारीत आलेल्या शेतकऱ्याची अपेक्षा गैर नसते. शब्दानेच ती निर्माण केलेली असते.

‘मनोगतिक’ या संज्ञेची स्थिती वेगळी आहे. मूळ पाश्चात्त्य संज्ञेत ‘बल’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मनात परस्परविरोधी प्रेरणांची ओढाताण चालते, त्यांतील काही जाणिवेबाहेर लोटल्या जातात आणि तेथूनही वागण्यावर सत्ता गाजवितात, ही कल्पना तीत अभिप्रेत आहे. मराठी वाचकाच्या कानाला मात्र ‘मनोगतिक’ म्हटल्याबरोबर ‘मनोगत’ आठवते. मनोगत म्हणजे मनुष्य आपण होऊन जे सांगतो ते. मनोगतिक पद्धतीचा विषय आहे तो मनुष्य ज्याविषयी सांगू शकत नाही, किंवा जे सांगताना त्याचे शब्द अडखळतात, त्याचा. दोन जवळचे ध्वनी अगदी भिन्न अर्थांकडे नेतात.

३. व्हिएन्ना ते बर्लिन : शिक्षणाची त्रिसूत्री

या विद्येच्या उगमाशीच भाषेची एक विलक्षण घटना आहे. योजेफ ब्रॉयर या व्हिएन्नातील वैद्याने १८८० ते १८८२ या काळात जिच्यावर उपचार केले, आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ सालच्या ग्रंथात जी ‘आना ओ.’ या नावाने येते, त्या तरुणीची मातृभाषा जर्मन आजारपणात तिला सोडून गेली होती. काही काळ ती केवळ इंग्रजीत बोलू शके. आपल्या उपचाराला तिने जे नाव दिले तेही इंग्रजीत. ‘बोलण्याचा उपचार’ असा त्याचा अर्थ होतो. थट्टेने ती त्यास धुराडे साफ करणे असेही म्हणे. मनाचा आघात भाषेवर उमटतो आणि कोणती भाषा उरते यालाही अर्थ असतो, हे या पहिल्या नोंदीतच दिसून आले.

प्रारंभी या विद्येचे शिक्षण असे काही नव्हते. व्हिएन्नातील काही जिज्ञासू फ्रॉइडच्या घरी जमत, चर्चा करीत व आपापल्या रुग्णांकडे परतत. १९१० साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, परंतु तिचा सभासद होण्यास विशिष्ट शिक्षणाची अट नव्हती. १९१२ साली फ्रॉइडने वैद्यांसाठी जे मार्गदर्शन लिहिले त्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, ऐकणाऱ्याने कोणत्याही एका मुद्द्यावर मन न खिळविता सर्व बोलण्याकडे सारखेच लक्ष ठेवावे. कारण निवड केली की आपल्या अपेक्षेबाहेरचे काही कानी पडतच नाही. दुसरी, ज्याला इतरांच्या मनाचे विश्लेषण करावयाचे त्याने आधी स्वतःचे विश्लेषण जाणत्या मनुष्याकडून करून घ्यावे. हा आग्रह प्रथम धरल्याचे श्रेय त्याने झुरिच येथील सहकाऱ्यांना दिले. १९१८ साली बुडापेस्ट येथील परिषदेत हेरमान नुनबेर्ग याने ही गोष्ट सर्वांना आवश्यक करावी, अशी सूचना मांडली.

या सूचनेस प्रत्यक्ष संस्थेचे रूप मिळाले ते बर्लिनमध्ये. फेब्रुवारी १९२० मध्ये माक्स आयटिंगोन व एर्न्स्ट झिमेल यांनी तेथे एक चिकित्सालय उघडले. ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते अशा लोकांनाही तेथे उपचार मिळत. याच चिकित्सालयाच्या आश्रयाने शिक्षणाची जी त्रिसूत्री सिद्ध झाली ती थोड्याफार फरकाने आजपर्यंत टिकून आहे : विद्यार्थ्याचे स्वतःचे विश्लेषण, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवरील काम, आणि सिद्धान्ताचा अभ्यासक्रम. विद्यार्थ्यांचे विश्लेषण करण्यासाठी बर्लिनला बोलावलेला हान्स झाक्स हा वैद्य नव्हता, वकील होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९२५ साली बाड होम्बुर्ग येथे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ नेमले गेले आणि बर्लिनची पद्धती सर्वत्र प्रमाण मानली जाऊ लागली. हे शिक्षण वैद्यांपुरतेच असावे की काय, हा वाद थिओडोर राइक याच्यावरील फिर्यादीच्या निमित्ताने पेटला, तेव्हा फ्रॉइडने १९२६ साली स्वतंत्र पुस्तिका लिहून वैद्येतरांचा पक्ष घेतला. पुढे शिक्षक, समाजसेवक व समुपदेशक यांना या विद्येचे दार उघडे राहिले त्याचे मूळ येथे आहे.

बुडापेस्टच्या त्याच परिषदेत फ्रॉइडने आणखी एक भाकीत केले होते. पुढेमागे समाजाला गरिबांच्या मानसिक दुःखाचीही जबाबदारी वाटू लागेल. मात्र हा उपचार बहुजनांपर्यंत न्यावयाचा झाल्यास विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात प्रत्यक्ष सूचनेचे तांबे मिसळावे लागेल, असा त्याचा आशय होता. समुपदेशनाचा पुढील सारा इतिहास या मिश्रणाचे प्रमाण किती असावे, या वादाचा इतिहास आहे.

४. कलकत्ता : लोकभाषेतील पहिला प्रयोग

युरोपात ही घडी बसत असतानाच भारतात तिचा स्वतंत्र आरंभ झाला. गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) हे कलकत्त्याचे वैद्य. त्यांनी १९१७ साली मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९२१ साली ‘दमन’ या संकल्पनेवरील प्रबंधाबद्दल कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाची प्रत त्यांनी फ्रॉइडकडे पाठविली. त्यातून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो पुढे अनेक वर्षे चालला. दोघांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९२२ साली बोस यांच्या पारशीबागान गल्लीतील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न झाली. संस्थापकांत वैद्यांपेक्षा महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या व तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांचा भरणा अधिक होता.

बोस यांचे स्वतःचे विश्लेषण कोणीही केलेले नव्हते. बर्लिनच्या नियमानुसार ते अपात्र ठरले असते. परंतु भारतात ते पहिले असल्यामुळे इतरांची पात्रता त्यांच्यापासून सुरू झाली. फ्रॉइडच्या मतांपुढे ते नुसते नमले नाहीत. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरोधी इच्छा वसते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता आणि तो ते अखेरपर्यंत मांडीत राहिले.

भाषेच्या दृष्टीने कलकत्त्याचे महत्त्व याहून मोठे आहे. बोस विज्ञानाचे लेखन इंग्रजीत करीत, तसेच बंगालीतही करीत. स्वप्नांवरील त्यांचे ‘स्वप्न’ हे बंगाली पुस्तक १९२८ साली निघाले. त्यांचे ज्येष्ठ बंधू राजशेखर बोस हे ‘परशुराम’ या नावाने विनोदी कथा लिहिणारे आणि ‘चलंतिका’ या बंगाली शब्दकोशाचे कर्ते. शास्त्रीय परिभाषा घडविण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. १९४० साली निघालेल्या लुंबिनी पार्क या मनोरुग्णालयास जागा दिली तीही त्यांनीच. एक भाऊ लोकांच्या मनातील अव्यक्त ऐकतो आणि दुसरा लोकांच्या तोंडचे शब्द कोशात नोंदतो, असा हा योग होता. बंगाली सुशिक्षित वर्गात ही विद्या परकी राहिली नाही, याचे एक कारण येथे सापडते. कोशकाराचे शेजारपण लाभल्यावाचून हे साधले असते, असे म्हणणे कठीण आहे.

५. मुंबई : विद्या आली, भाषा राहिली

महाराष्ट्रात या विद्येचा प्रवेश मुंबईच्या द्वारे झाला. १९३६ साली तेथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले आणि १९३७ साली त्याच्या आश्रयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झाले. भारतातील अशा प्रकारचे ते पहिले केंद्र होय. इटलीतील वंशभेदाच्या कायद्यांमुळे देश सोडावा लागलेले एमिलिओ सेर्वादिओ हे मनोविश्लेषक १९३८ साली भारतात आले आणि महायुद्ध संपेपर्यंतचा काळ त्यांनी येथे काढला. त्यांच्या मुंबईतील वास्तव्याने तेथील जिज्ञासूंना युरोपातील परंपरेचा प्रत्यक्ष संपर्क लाभला. १९७४ साली मुंबईत मनोविश्लेषणात्मक उपचार व संशोधनाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले आणि तेथे बर्लिनच्या त्रिसूत्रीस अनुसरून पद्धतशीर शिक्षणाची सोय झाली. येथील परंपरेचा ओढा कलकत्त्यापेक्षा लंडनकडे अधिक राहिला.

लंडनकडील या ओढ्याबरोबर इंग्रजी आली हे स्वाभाविक होते. मुंबईच्या बहुभाषिक समाजात गुजराती, मराठी, पारशी, दक्षिणी अशा सर्वांना समान असे माध्यम दुसरे कोणते होते, असेही विचारता येईल. तथापि परिणाम असा झाला की, सिद्धान्त इंग्रजीत वाचावयाचा, चर्चा इंग्रजीत करावयाची, आणि रुग्ण मराठीत बोलला तरी त्याचे बोलणे देखरेख करणाऱ्यापुढे बहुधा इंग्रजीत भाषांतर होऊन मांडावयाचे, असा प्रघात पडला. त्रिसूत्रीतील दुसरे सूत्र नेमके येथे क्षीण झाले. कारण भाषांतरात जे प्रथम गळते तेच या विद्येचे खरे द्रव्य असते. अडखळणे, चुकीचा शब्द तोंडून जाणे, मध्येच क्रियापद बदलणे, बोलीतून प्रमाणभाषेत चढणे, यांपैकी काहीही इंग्रजी वृत्तांतात उरत नाही.

मराठी वाचकाला फ्रॉइड भेटला तो रुग्णालयात नव्हे, वाङ्मयात. बा. सी. मर्ढेकर यांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही संज्ञाप्रवाही कादंबरी हे त्याचे ठळक उदाहरण. नंतरच्या नवकथेनेही मनाच्या आतल्या थरांचा शोध घेतला. म्हणजे मराठी भाषा या अनुभवास असमर्थ नव्हती. परंतु कथाकार जे शब्द वापरीत होते ते चिकित्सकाच्या वहीत गेले नाहीत, आणि परिभाषा घडविणाऱ्यांनी संस्कृताचा आधार घेतला. फ्रॉइडने स्वतः जर्मनमधील अगदी घरगुती सर्वनामे वापरली होती : ‘मी’ आणि ‘ते’. १९५३ ते १९७४ या काळात निघालेल्या चोवीस खंडांच्या इंग्रजी भाषांतरात त्यांची लॅटिन रूपे रूढ राहिली आणि मराठीने त्या लॅटिन रूपांस ‘अहम्’ व ‘इदम्’ असे प्रतिशब्द दिले. ‘अहं’ म्हटल्यावर मराठी माणसाला गर्व आठवतो. फ्रॉइडच्या ‘मी’त गर्वाचा लवलेशही नाही. ‘नेणीव’ हा शब्द त्या मानाने सुदैवी. ‘नेणणे’ म्हणजे न जाणणे हे संतवाङ्मयातील क्रियापद त्याच्या पाठीशी आहे. तथापि संतांची नेणीव ज्ञानाने नाहीशी होते. मनोविश्लेषणातील नेणीव जाणून घेतल्यावरही आपला विरोध चालू ठेवते. हा भेद शिकविल्यावाचून कळत नाही, आणि तो मराठीत शिकविला गेला नाही.

परभाषेत झालेल्या या शिक्षणाच्या मर्यादेची जाणीव भारतीय विश्लेषकांना नव्हती असे नाही. सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांचे शिक्षण फ्रँकफुर्ट येथे झाले आणि त्यांचे स्वतःचे विश्लेषण जर्मन भाषेत झाले. बालपणीच्या भाषेत साठलेले पुष्कळसे परक्या भाषेत वर येत नाही, या गोष्टीकडे त्यांनी पुढे लक्ष वेधले. १९८२ सालच्या ग्रंथात त्यांनी दर्गे, मंदिरे व वैद्य यांच्याकडील पारंपरिक उपचारांचा अभ्यास केला, त्यामागेही हीच दृष्टी होती. त्यापूर्वी १९७३ साली जसवंतसिंग नेकी यांनी भारतीय उपचारासाठी गुरुशिष्य नात्याचा नमुना मांडला होता. ‘उपदेश’ या शब्दात दडलेली अपेक्षा टाळण्याऐवजी तिचाच उपयोग करून घ्यावा, असा त्यामागील विचार होता.

६. आखूड वाट

एकीकडे ही दीर्घ शिक्षणाची परंपरा, तर दुसरीकडे थोड्या काळात अनेकांना ऐकावयास शिकविण्याचे प्रयत्न. इंग्लंडमध्ये १९४८ साली टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात एस्टर बिक यांनी विद्यार्थ्यांना तान्ह्या मुलाच्या घरी दर आठवड्यास जाऊन केवळ निरीक्षण करावयास लावण्याचा पाठ सुरू केला. काही करावयाचे नाही, काही सांगावयाचे नाही. जिथे भाषा अजून आलेली नाही तिथे लक्ष ठेवावयास शिकावयाचे. त्याच संस्थेत मायकेल बालिंट यांनी साध्या डॉक्टरांचे गट जमविले. डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांविषयी आठवड्यास एकदा मोकळेपणी बोलावे आणि रुग्णाने आपल्या मनात काय जागविले ते तपासावे, अशी ही पद्धती १९५७ सालच्या त्यांच्या ग्रंथामुळे सर्वत्र पसरली. मनोगतिक समुपदेशकाचे आजचे शिक्षण या दोन प्रयोगांचे फार ऋणी आहे. विश्लेषकाप्रमाणे आठवड्यातून चारपाच वेळा नव्हे, तर एकदोन वेळा, समोरासमोर बसून काम करणारा हा समुपदेशक. परंतु स्वतःचा मनःशोध, देखरेख व अभ्यास ही तिन्ही सूत्रे त्यालाही सुटत नाहीत.

भारतात आखूड वाट वेगळ्या दिशेने गेली. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना थोडक्या मुदतीत तयार करून नैराश्यावर सहा ते आठ बैठकींचा उपचार उभा केला. त्याचे निष्कर्ष अनुकूल निघाले. विदर्भातही ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने काम झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ३० खेड्यांत नैराश्यग्रस्तांपैकी उपचार मिळविणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्के होते ते अठरा महिन्यांनी २७.२ टक्के आढळले. हे यश लहान नाही. या कार्यक्रमांची पद्धती मनोगतिक नव्हे. गोव्यातील उपचाराचा भर तर मनाचा तळ शोधण्यापेक्षा दैनंदिन कृती वाढविण्यावर होता. परंतु एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली : गावची भाषा बोलणारा मनुष्य गावात ऐकला जातो आणि त्याच्यापाशी बोलले जाते.

कायद्याची चौकटही अलीकडेच आकार घेत आहे. १९९२ सालच्या पुनर्वसन परिषद कायद्याने चिकित्सक मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची व्यवस्था केली. समुपदेशक मात्र दीर्घकाळ या चौकटीबाहेर राहिले. २०२१ सालच्या संलग्न आरोग्यव्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचा समावेश झाला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या योजनेत १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत बोलण्याची सोय झाली आहे. भाषेचा अधिकार येथे तत्त्वतः मान्य झाला. आता प्रश्न उरतो तो बोलीचा.

७. समुद्रपूरची बोली आणि ऐकणारा कान

समुद्रपूरची बोली सामान्यतः वऱ्हाडी म्हणून ओळखली जाते. ऐतिहासिक दृष्ट्या हा मुलूख वऱ्हाडाच्या बाहेरचा; वर्धा नदीच्या अलीकडील नागपूर प्रांतातला. १८६२ साली नागपूरपासून वेगळा करून वर्धा जिल्हा निर्माण झाला. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी या परस्परांना अगदी जवळच्या बोली मानल्या आहेत. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘माझा’ऐवजी ‘माहा’, आणि पुल्लिंगी कर्त्यासही ‘तो करते’ असे रूप, ही तिची सर्वपरिचित लक्षणे होत. ऐकणाऱ्यास महत्त्वाची आहे ती याहून खोलची रचना.

मनाचे दुःख सांगताना या बोलीत ‘मन’ फारसे येत नाही, ‘जीव’ येतो. ‘जीव घाबरते’, ‘जीव लागत नाई’, ‘जिवावर येते’. यांत जीव हा कर्ता आहे, किंवा दुःखाचे ठिकाण आहे. बोलणारा स्वतः वाक्याच्या बाहेर राहतो. ‘मले राग आला’ या वाक्यातही राग हा कर्ता, आणि मनुष्य तो ज्याच्याकडे येतो ते ठिकाण. ही रचना सर्व मराठीचीच आहे. ती आजाराचे लक्षण नव्हे. इंग्रजीत शिकलेल्या समुपदेशकास मात्र येथे मनुष्य आपल्या भावनेची जबाबदारी टाळीत आहे असा भास होण्याचा संभव आहे. उलट, एरवी ‘मले राग आला’ म्हणणारा मनुष्य एके दिवशी ‘मी रागावलो’ म्हणाला, तर या बोलीत ती मोठी घटना असते; आणि ती भाषांतरात ओळखू येत नाही.

याहून गंभीर उदाहरण ‘औषध’ या शब्दाचे आहे. ग्रामीण मराठीत पिकावर फवारावयाच्या कीटकनाशकासही औषध म्हणतात. ‘त्यानं औषध घेतलं’ या वाक्याचा अर्थ शहरात उपचार असा होतो, तर खेड्यात प्रसंगविशेषी आत्मघाताचा यत्न असा. एकाच शब्दात बरे होणे आणि संपणे अशा दोन्ही वाटा सामावल्या आहेत. तसेच ‘आत्महत्या’ हा वर्तमानपत्राचा व पंचनाम्याचा शब्द. घरात म्हणतात ते ‘जीव दिला’. देणे या क्रियापदास घेणाऱ्याची अपेक्षा असते. हा जीव कोणास दिला, कोणाच्या देण्यापोटी दिला, हा प्रश्न वाक्यातच गुंतलेला आहे. आणि ज्या घरात कर्जालाही ‘देणं’ म्हणतात त्या घरात तो निव्वळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. मनोगतिक शिक्षण ज्या प्रकारच्या ऐकण्याची अपेक्षा करते ते हेच.

अलीकडे या बोलीत ‘टेन्शन’ हा शब्द सर्वसंचारी झाला आहे. कर्ज, भांडण, मुलीचे लग्न, अनावर रडू, निद्रानाश या सर्वांवर तो एकच पांघरूण घालतो. तो खोटा शब्द नव्हे. नवख्या माणसासमोर दुःख सभ्यपणे मांडण्याचे ते साधन आहे. अनेक बैठकींनंतर ‘टेन्शन’ मागे पडून ‘जीव’ केव्हा आला, याची नोंद ज्या समुपदेशकाच्या वहीत असेल त्याला विश्वासाची तारीख कळेल.

शेवटी संबोधनाचा विचार करावयास हवा. मनोविश्लेषणातील एक मूलभूत निरीक्षण असे की, रुग्ण आपल्या पूर्वायुष्यातील नात्यांच्या भावना ऐकणाऱ्यावर आरोपित करतो. लंडनमध्ये हे आरोपण हळूहळू प्रकट होते. कारण तेथील संबोधन अलिप्त असते. समुद्रपुरात ते पहिल्या वाक्यातच प्रकट होते. आशा कार्यकर्ती ‘ताई’ असते, पुरुष ‘भाऊ’ असतो, जिल्ह्याच्या गावाहून आलेली व्यक्ती ‘मॅडम’ किंवा ‘सर’. ‘मॅडम’ची ‘ताई’ केव्हा झाली, आणि एखाद्या कठीण बैठकीनंतर पुन्हा ‘मॅडम’ का झाली, हे पाहणे हा या शिक्षणाचा भाग असावयास हवा. पाश्चात्त्य पाठ्यग्रंथांत त्याला जागा नाही, आणि ती असण्याची अपेक्षाही करता येत नाही.

८. उपसंहार

सारांश, शंभर वर्षांच्या या इतिहासाने महाराष्ट्रात दोन अपूर्ण परंपरा मागे ठेवल्या आहेत. दीर्घ शिक्षणाच्या परंपरेजवळ खोली आहे, पण बोली नाही. आखूड शिक्षणाच्या परंपरेजवळ बोली आहे, पण खोलीस लागणारा अवधी नाही. समुद्रपूरच्या वाट्याला आली तर दुसरी येते, आणि तीही योजनांच्या मुदतीपुरती. या दोहोंत मुळात विरोध आहे असे मात्र इतिहास सांगत नाही. बर्लिनचे चिकित्सालय गरिबांसाठी होते आणि तेथेच शिक्षणाचा सर्वांत कडक नियम जन्मला. बोस यांनी ही विद्या लोकभाषेत आणली ती तिची पातळी खाली आणून नव्हे. बालिंट यांच्या गटांनी सिद्ध केले की, नित्याच्या कामात बुडालेल्या माणसालाही आठवड्यातील थोडा वेळ आपल्या ऐकण्याची परीक्षा करावयास पुरतो.

यावरून विद्यापीठीय भाषाविभागांच्या वाट्याचे कामही स्पष्ट होते. परिभाषेच्या आणखी एका सूचीची निकड तेवढी नाही. दुःख सांगताना बोलीतील जीव, डोके, काळीज ही पदे कशी वापरली जातात, कर्ता केव्हा बदलतो, संबोधन केव्हा बदलते, यांचा पद्धतशीर अभ्यास हवा. आणि देखरेखीच्या बैठकीत रुग्णाचे वाक्य त्याच्याच बोलीत, एका अक्षराचाही फेरफार न करता मांडण्याचा परिपाठ हवा. अर्थात रुग्णाची ओळख पूर्णपणे गुप्त राखूनच हे व्हावे. कलकत्त्यास विश्लेषक आणि कोशकार एका घरात होते. महाराष्ट्रात ते दोघे निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या विभागांत आणि निरनिराळ्या भाषांत काम करीत राहिले. ‘जीव लागत नाई’ असे म्हणणारा समुद्रपूरचा शेतकरी जेव्हा समोर येऊन बसतो, तेव्हा या दोघांच्या दुराव्याची किंमत त्याला मोजावी लागते.